बहात्तर हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी मैल

३ मार्च, रविवार. सकाळी ९.४०

आज डॅडकडे ब्रिडलिंग्टनला जायचं, हे पक्कं. बूट घातले. वाटेत खायला बेकरीतला पोर्क पाय घेतला, आत डुकराचं मांस भरलेला. गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवरचा मैलांचा आकडा पुन्हा गेला. आधी दिसतो, पण गाडी जरा तापली की एकेक रेघ उडते. आठाचे तीन होतात, मग तिनाचंही काही उरत नाही. जी गाडी स्वतः किती चालली हे सांगू शकत नाही, तिच्या भरवशावर पन्नास मैल जायचं? वृद्धाश्रमात म्हातारा बाप वाट बघतोय म्हणून वाटेत जीव द्यायचा का?

नाही गेलो. पोर्क पाय घरीच खाल्ला.

संध्याकाळी ६.१५

मेरियनचा कॉर्नवॉलहून फोन. धाकटी बहीण, पण दर रविवारी हजेरी घेते. डॅड कसे होते रे आज? चारशे मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! सांगितलं, मजेत. निळा स्वेटर घातला होता, कस्टर्ड दोनदा मागून घेतलं. यात खोटं काही नाही. त्यांना कस्टर्ड आवडतंच. आणि निळा स्वेटर मीच दिलेला आहे.

५ मार्च

बावीस तारखेला गाडीची वार्षिक तपासणी. एमओटी. गेल्या दोन्ही वर्षी नोंद एकच: आकडा वाचता आला नाही. सरकारी वेबसाइटवर कायमची. कुणीही माझ्या गाडीचा नंबर टाकावा आणि वाचावी. सरळ माणसाच्या नावावर हा डाग का? तपासणारा पिकर्सगिल म्हणतो, "अहो क्लाइव्ह, आकडा दिसत नाही म्हणून गाडी नापास होत नाही. तुम्ही ब्रेककडे बघा." याला प्रतिष्ठा म्हणजे काय ते कळत नाही.

संकल्प: यंदा आकडा दुरुस्त करायचाच. मग दर रविवारी डॅड. न चुकता.

१० मार्च, रविवार

आज इंग्लंडातला मदर्स डे. अख्खं यॉर्कशर फुलं घेऊन रस्त्यावर उतरलेलं असणार. आपण गर्दीत भर घालू नये.

मेरियनचा फोन. डॅडनी तिला परत सांगितलं म्हणे, क्लाइव्ह येत नाही. तिने समजावलं, "डॅड, तो दर रविवारी येतो, तुम्ही विसरता." डॉक्टरांनी विसराळूपणाच्या गोळ्या वाढवल्यात. ती रडत होती. म्हणाली, "स्वतःच्या मुलाचं येणं आठवत नाही रे त्यांना."

मलाही फार वाईट वाटलं. पण मी मध्ये बोललो नाही. आजारी माणसाला खोटं पाडू नये. आणि हेही खरं, की ज्यांना आठवतच नाही त्यांच्याकडे आपण गेलो काय आणि न गेलो काय.

१७ मार्च, रविवार

हल शहरातल्या दुरुस्तीवाल्याने काल डिस्प्ले काढून नेला. डॅशबोर्डच्या मधोमध भोक. वेग किती, पेट्रोल किती, काही कळायला मार्ग नाही. हे कारण मात्र शंभर नंबरी आहे. यावर मेरियनसुद्धा काही बोलू शकली नसती.

तिला सांगितलं, डॅड आणि मी खिडकीशी बसून समुद्र बघितला. समुद्र खवळलेला होता. (हवामानखात्याचं पान उघडून बघून सांगितलं. मी बेजबाबदार नाही.)

२० मार्च

डिस्प्ले आला. लखलखीत. ७२,९८८.

मला जास्त अपेक्षित होता. दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं, दुरुस्तीत काही मैल सांडले का? म्हणाला, "साहेब, आकडा गाडीच्या पोटात असतो, मी फक्त काच आणि तारा बदलतो. जेवढी चालवलीत तेवढीच दाखवणार." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण दुसऱ्या बाजूने पाहता, सतरा वर्षांच्या गाडीला ७२,९८८ म्हणजे गाडी जवळजवळ नवीच. हे माझ्या निगराणीचं फळ.

२२ मार्च

पास!

पिकर्सगिलच्या मागे उभा राहून आकडा टाइप करायला लावला. त्याने आधीच्या नोंदी बघितल्या. तीन वर्षांपूर्वी ७१,२०४. मग दोन वर्षं काही नाही. आता हा. मला म्हणतो, "तुम्ही गाडी चालवता की नुसती धुता?" शिवाय शेरा मारला: टायरना भेगा, ब्रेकच्या चकत्यांवर गंज. वापर नसल्याने. म्हणाला, गाडी पळून खराब होत नाही हो, उभी राहून होते.

दुर्लक्ष केलं. पास तो पास. लगेच मेरियनला गाडीचा नंबर पाठवला. लिहिलं, सरकारी साइटवर जाऊन बघ तुझ्या भावाची गाडी, आकड्यासकट. तिला नेहमी वाटतं माझं काही धड नसतं.

२४ मार्च, रविवार

नवीन डिस्प्लेला आठवडाभर स्थिरावू द्यावं असं माझं मत.

मेरियनने एकच विचारलं, "क्लाइव्ह, जाऊन-येऊन शंभर मैल ना रे?" म्हटलं हो, साधारण. म्हणाली, बरं. ठेवला. पासबद्दल अभिनंदनाचा एक शब्द नाही. मत्सर.

३१ मार्च, रविवार. ईस्टर

आज उन्हाळ्यासाठी देशभर घड्याळं तासभर पुढे गेली. सरकारने माझा एक तास काढून घेतला. त्या तासातच निघणार होतो.

मेरियनचा फोन नाही.

५ एप्रिल

काल मीच केला. उचलला नाही. आजही नाही. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं: डॅडनी ईस्टरचं चॉकलेटचं अंडं फोडलं आणि अर्धं मला दिलं. ठरवता ठरवता डॅडचे हात दिसायला लागले. बंदरातल्या टगबोटीवर चाळीस वर्षं दोर ओढलेले, करवतीसारखे खरखरीत. मला त्यांची आठवण आली. खरंच आली. हे इथे लिहायला हरकत नाही.

रविवारी जातो. टायरसाठीही बरं.

७ एप्रिल, रविवार. दुपारी १.३०. ब्रिडलिंग्टन, गाडीत

आलो. सव्वा तास लागला, रस्ता मोकळा. एवढंच होतं तर.

काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं, वही चाळली. म्हणाल्या, त्यांची मुलगी बुधवारी त्यांना कॉर्नवॉलला घेऊन गेली. तुम्ही कोण? मुलगा, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, परदेशात असता का?

गाडीतून मेरियनला लावला. या वेळी उचलला. ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली.

म्हणाली, "तीन वर्षांत सतराशे चौऱ्याऐंशी मैल. तुझा बाजारहाटच तेवढा होतो. मग मी वृद्धाश्रमातली भेटीची वही मागवली." म्हटलं, मी समजावून सांगतो. म्हणाली, "मला नको समजावूस. दोन वर्षं मी त्या माणसाला सांगत होते की तुमचं डोकं चालत नाही. डॉक्टरांना मी सांगितलं. त्या गोळ्यांनी त्यांचे हात थरथरायचे, चहा अंगावर सांडायचा. परवा नव्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांना काही झालेलं नाही क्लाइव्ह. काहीही."

मी विचारलं, डॅडना सांगितलंस का?

"सांगितलं. तू जात नव्हतास हे सांगितलं. मला वाटलं कोसळतील. तर हसले. माझा हात धरून म्हणाले, नव्हता ना येत? नक्की? मग मी वेडा नाही. खूश झाले रे. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं."

म्हटलं, त्यांना फोन दे. तिने तिकडे विचारलं. डॅडचा आवाज ऐकू आला, स्पष्ट, टगवरून ओरडायचे तसा. चार वेळा आला होता तो, म्हणाले. शेवटचा आला तेव्हा पंधरा मिनिटं थांबला, कोटसुद्धा काढला नाही. आता नको, मी जेवतोय.

मेरियनने फोन ठेवला.

पंधरा नाही. वीस मिनिटं थांबलो होतो. निदान अठरा.