माफक दरातला ज्वालामुखी

३ जानेवारी
ठरलं! उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्वालामुखीचं बेट. निळा समुद्र, नारळाची झाडं आणि मधोमध धुमसणारा डोंगर. जाणार मी, ही आणि आई. वीस वर्षं फळ्यावर लाल खडूने लाव्हा काढतोय. भूगोलाच्या मास्तराने खरा ज्वालामुखी पाहिलेला नसावा, ही शिक्षणक्षेत्राची शोकांतिका आहे. शिवाय लग्न झाल्या झाल्या हिला शब्द दिला होता. दिलेला शब्द मी विसरत नाही, फक्त घाई करत नाही.
रात्री जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, बरं. ही म्हणाली, मोठी बॅग माळ्यावर आहे, आधी ती काढा. बायकांना नुसता तपशिलात रस!
उद्या बॅग.

४ जानेवारी
बॅग राहिली. स्टूल डुगडुगतंय. सुताराला निरोप.

१० जानेवारी
वर्गात बातमी फोडली. टाळ्या. पहिल्या बाकावरच्या 'चौकशी'ने (आमच्याच बिल्डिंगमधली, खाली तिच्या वडिलांची दूध डेअरी; प्रश्न विचारल्याशिवाय तिला अन्न पचत नाही) विचारलं, सर, विमानाने जाणार? म्हटलं, मग काय पोहत? वर्ग हसला. माझी विनोदबुद्धी अजून शाबूत आहे.

२५ जानेवारी
ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन आलो. तिकीट अपेक्षेपेक्षा स्वस्त. इथेच पाल चुकचुकली. एवढं स्वस्त, म्हणजे कुठेतरी काटकसर केलीच असणार. जेवणात केली तर हरकत नाही, पण स्क्रूमध्ये केली असेल तर? विमान किती वर्षं वापरलंय ते विचारलं. म्हणाला, साहेब, तिकीट घ्यायचंय की विमान? उर्मट माणूस. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, हे तत्त्व म्हणून ठरवलं.

६ फेब्रुवारी
बोटीचा पर्याय अभ्यासला. उत्तम! हवा खात जायचं. जायला एवढे दिवस लागतात की पोचलो की लगेच परत फिरावं लागेल. हिला सांगितलं. तिने चष्म्याच्या वरून पाहिलं आणि भाजी चिरत राहिली.
सुतार येऊन गेला. म्हणतो, स्टुलात काही दोष नाही. भामटा.

२० फेब्रुवारी
विमानाचे दर वाढले. घाबरायचं कारण नाही. वर गेलेली गोष्ट खाली येतेच. (हे वाक्य लिहून जरा अस्वस्थ वाटलं. ॲसिडिटी.)

१ मार्च
बेटाच्या वेबसाइटवर लिहिलंय, ज्वालामुखी निद्रिस्त आहे. असेल. पण झोपलेला प्राणी कधी उठेल याची खात्री काय? आमचा शिपाईसुद्धा निद्रिस्तच असतो, पण सुट्टीची घंटा वेळेआधी देतो. ट्रिप एक वर्ष पुढे ढकलावी असं सुचवलं. आई म्हणाली, मला एक वर्ष पुढे ढकलता येईल का, तेही तुझ्या वेबसाइटला विचार. म्हातारपणी माणसं टोचून बोलतात.

१२ मार्च
संध्याकाळी ही लॅबमधल्या नोकरीवरून आली, पर्स ठेवली आणि समोर बसली. म्हणाली, अहो, तुम्हाला विमानाची भीती वाटते ना? एकदा म्हणा तसं. मी हसणार नाही. चढल्यापासून उतरेपर्यंत हात धरून बसेन, पण हे बोटी आणि स्क्रू नकोत आता.
भीती! मला! मी खो खो हसलो. म्हटलं, प्रश्न भीतीचा नाही, दराचा आहे. ती म्हणाली, दर मी भरते, तुम्ही फक्त म्हणा. मी म्हटलं, पेपर तपासायचेत.
नंतर ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती. पेपर तपासले.

२६ मार्च
हिने परस्पर तीन तिकिटं काढली, त्याच उर्मट माणसाकडून. शनिवार-रविवार टाळून, दोन मैत्रिणींचा सल्ला घेऊन, मी विचारलेल्या दराहूनही कमीत! मला दुःख दराचं नाही, पद्धतीचं आहे. तिकीट रद्द करता येतं का, एवढं सहज विचारून ठेवलं. येतं. चांगली कंपनी आहे.

१४ एप्रिल
पूर्वतयारी सुरू. खुर्चीला पँटचा पट्टा बांधून, डोळे मिटून, शेजारी मिक्सर सुरू ठेवून बसलो. पहिल्या स्पीडला उत्तम. दुसऱ्या स्पीडला उठलो, कारण पट्टा तोकडा होता. आईने विचारलं, चटणी कसली करतोयस? मिक्सर पुसून जागेवर ठेवला.

३ मे
बॅग निघाली. आईने काढली. वय पंचाहत्तर, आणि चढली स्टुलावर! खालून मी भक्कम धरलं होतं. डोळे मिटून, धूळ जाऊ नये म्हणून.

९ मे, विमानतळ
पोट बिघडलं. सकाळचा पाव शिळा असणार. रांग पुढे सरकत होती, मी कडेला उभा. हिने हात पुढे केला. म्हणाली, म्हणा ना हो. मागचे लोक बघत होते. मी म्हटलं, पोट. तिने तो हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग आईचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. आई जाता जाता म्हणाली, लहानपणी झोपाळ्यावर बसवलं की तुझं पोटच बिघडायचं.
बसने घरी आलो. पोट बसमध्येच बरं झालं. योगायोग.

१३ मे
आईचा फोन, थेट ज्वालामुखीच्या काठावरून. म्हणाली, अरे, कुकरएवढी वाफ येते, एवढ्यासाठी का घाबरायचं? आवाज खणखणीत. ही फोनवर आली नाही. फोटो काढतेय म्हणे.
हिशोब केला तर सगळ्यात माफक दरातली सुट्टी माझीच झाली. फक्त घर फार मोठं वाटतंय. तीन कप मांडले आणि दोन परत ठेवले.

१७ जून
शाळा सुरू. हिने आणलेला लाव्हाचा काळा दगड वर्गात फिरवला. सगळे भारावलेले. 'चौकशी'ने विचारलं, सर, वरून कसा दिसतो ज्वालामुखी? म्हटलं, खिडकीची सीट नव्हती. ती म्हणाली, पण सर, सुट्टीत रोज तुम्ही आमच्याकडूनच दूध नेत होतात. वर्ग हसला. या वेळी विनोद माझा नव्हता.
संध्याकाळी हिने सांगितलं, बॅग वर ठेवा. नाही म्हणणार होतो. पण ती महिनाभरात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलत होती. चढलो. स्टुलावर बॅग तशीच छातीशी धरून थांबलो. तिने खालून एका हाताने स्टूल धरलं, दुसऱ्याने माझं मनगट.
म्हणाली, म्हणा आता.
म्हटलं, स्टूल हलतंय.
म्हणाली, स्टूल मी धरलंय, अहो. ते नाही हलत.
कशीबशी बॅग ढकलली आणि उतरलो. तिने मनगट लगेच सोडलं नाही. मीही घाई केली नाही.
उद्या दुसरा सुतार बघायचा.