सगळे फोटो एकाच उंचीवरून

अहो,

लांबूनच वाकून नमस्कार. पत्रास कारण तुमचे फोटो. फोनवर विचारलं की तुम्ही हसण्यावारी नेता, म्हणून लिहायला बसले.

इकडे बाळ-बाळंतीण खुशाल. नात अगदी तुमच्यावर गेली आहे, झोपेतही कपाळाला आठ्या.

मला घराची आठवण येते म्हटलं, तर तुम्ही एकेका खोलीचा फोटो पाठवलात. लेक म्हणाली, "बाबा किती हौशी झालेत गं." मी मात्र ते पुन्हापुन्हा पाहिले. टेबलाची खालची बाजू दिसते. खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं, समोरचं दुकान नाही. दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा माणूस तुम्ही, आणि सगळे फोटो बसून काढल्यासारखे. चहा-साखरेचे डबेही वरच्या फळीवरून खाली आलेत.

वरच्या खोलीचा फोटो नाहीच. "तिथला दिवा गेलाय" म्हणालात. भर दिवसा दिवा कशाला लागतो?

शेजारच्या वहिनींना विचारलं, तर त्या एकदम हवापाण्याचं बोलायला लागल्या. कुठंतरी पाणी मुरतंय. पडलात का हो? जिना चढवत नाही का?

आता एकच फोटो पाठवा. तुम्ही दारात उभे, हात कुठेही न टेकलेले. वहिनींना काढायला सांगा. तो आला नाही तर मीच येते. लेकीला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "जा तू, इथलं मी बघते."

मी रागावणार नाही. पण हाताला धरून उठवायला घरात कुणी नाही, एवढंच डोक्यात फिरतं.

वेळेवर जेवा.

तुमची,
घरची