आत सोडलेलं कापड

१० सप्टेंबर

ती. बाबांना ठकीचा शि. सा. न.

पैसे पोचले. आल्या दिवशीच तुमच्या पद्धतीने चार पाकिटांत घातले: खोली, खानावळ, पुस्तकं, प्रवास. एका पाकिटातून उसनं काढून दुसऱ्यात घालायचं नाही, हा तुमचा नियम मी पाळते, म्हणून मजल्यावरच्या मुली मला सावकारीण म्हणतात आणि महिनाअखेर साबणाची वडीसुद्धा माझ्याकडेच मागतात.

गेल्या महिन्याचे उरलेले परत पाठवले आहेत. मागच्यापेक्षा जास्त आहेत. सुट्टीत घरी येत नाही; प्रवासाचं पाकीट अख्खं उरेल. आईला सांगा, जेवणखाण उत्तम. इथे तुमच्या शिलाई मशीनचा आवाज नाही, म्हणून झोप उशिरा लागते, तेवढीच तक्रार.

मागच्या पत्रात तुम्ही दोनदा शाबास लिहिलंत. शाळेत पहिली आले तेव्हा एकदाच म्हणाला होतात.

पत्राची वाट पाहणारी,
ठकी

२१ सप्टेंबर

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मनीऑर्डर मिळाली. शाबास. मला कुणी शिकवलं नाही. जुने कोट उसवून उसवून मी कोट शिवायला शिकलो. पण गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड, मग ते हातरुमालाएवढं का असेना, कपड्यासोबत परत गेलंच पाहिजे, हे मात्र पहिल्या दिवसापासून कळत होतं. तू तोच बाणा चालवलास. शेजारचा घड्याळवाला टोमणा मारत होता की पोरीला शिकायला धाडलंय की कमवायला. त्याला मनीऑर्डरची पावती दाखवली. शिवाय त्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय, तेही दाखवलं.

सुट्टीत येत नाहीस ते बरोबरच. म्हणजे हिशेबाने बरोबर. आई मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. दुकानातल्या तुझ्या खुर्चीवर मी कपडे ठेवत नाही. अडचण होते, पण असू दे.

प्रकृतीस जप. तुझे,
बाबा

८ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. न.

मैत्रिणीचे काका तिकडे येताहेत, त्यांच्याबरोबर माझा कोट पाठवते. खिशाजवळ अस्तर फाटलंय. इथला शिंपी जे पैसे सांगतो त्यात माझा आठवडा निघतो, आणि त्याचे टाके बघितलेत तर तुम्ही त्याला शिकवणी लावाल. काकांकडून न्यायला-आणायला काहीच पडत नाही. बाकी कुठे हात लावू नका, फक्त अस्तर.

कोट पिशवीत भरताना दुकानातल्या खडूचा वास येतो का ते हुंगून पाहिलं. गेलाय. येताना घेऊन येऊ दे.

उरलेले नेहमीप्रमाणे पाठवले आहेत. आईला नमस्कार.

तुमची,
ठकी

१६ ऑक्टोबर

चि. ठकीस आशीर्वाद.

कोट मिळाला. अस्तर शिवलं. मग सवयीने उलटा केला, सुलटा केला, झाडला. बटणं मी लावली होती तिथे नाहीत. तीन बोटं आत सरकली आहेत. जुन्या जागी माझ्या सुईची भोकं तशीच आहेत. टाके सुरेख आलेत. बटणाखाली दोऱ्याला पीळही दिलास, अगदी मी दाखवला होता तसा. म्हणजे दुसऱ्या कुणाचं काम म्हणायची सोय नाही. कोट तोच. मग ती तीन बोटं गेली कुठे? आई म्हणाली, परत आलेल्या पैशांत शोधा.

खानावळीचं पाकीट तू किती संध्याकाळी उघडलंच नाहीस ते विचारत नाही. पावत्या मी खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. आज काढल्या.

आता नीट वाच. कोट कधी नेमक्या मापावर कापत नाहीत. शिवणीच्या आत थोडं कापड सोडावं लागतं, अंग भरलं की उसवून सैल करायला. ते कापड उरलेलं नसतं, कोटाचंच असतं. कापडात हे मला झोपेतही कळतं. पैसे पाठवताना आत काही सोडलं नाही, आणि वर शाबासकी दिली.

बटणं काढली आहेत. जुन्या जागी लावायची की नव्या, ते अंगावर घालून बघितल्याशिवाय ठरत नाही, आणि बिनबटणांचा कोट माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. सबब कोट इथेच राहील. प्रवासाचे पैसे पाठवतो आहे. खुर्ची मोकळी आहे.

वाट पाहतो.
बाबा

२४ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून तडक खानावळीत गेले. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं की नवीन आलीस का. मला हसू आलं, मग रडू आलं, मग त्यांनी न मागता आणखी वाढलं.

पैसे उरवायची हौस नव्हती हो बाबा. रक्कम जास्त असली की तुमचं पत्र लवकर यायचं.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. टेप आणि खडू काढून ठेवा. तिकीट जाऊन थोडे पैसे उरलेत, त्यांचं वाटेत दोनदा जेवणार आहे, पोटभर. या वेळी परत द्यायला काही आणत नाही.

तरी शाबास म्हणाल ना?

तुमची,
ठकी