चार बोटे उघडी खिडकी

लिथगो, १२ जुलै २०२१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपले दर वेळी भांडण होते आणि पत्रात होत नाही, म्हणून हे पत्र. मोहन गेल्यावर हे घर विकून मी वॉलॉंगॉंगला तुझ्या शेजारी राहायला यावे, असा तुझा हट्ट होता आणि मी तो मोडला. आता त्याच घरासाठी तुझा सल्ला मागते आहे. मनातल्या मनात हवे तेवढे हसून घे, पण उत्तर पाठव.

तळघरातली कोळशाची भट्टी धूर बाहेर न टाकता घरात टाकते. तिचे सगळे मोहनच पाही. मी कधी खाली उतरलेसुद्धा नाही. मागचा हिवाळा विजेच्या हीटरवर कसाबसा काढला. यंदा पहाटे उणे चार असते आणि त्या हीटरने खोलीचा एक कोपराही उबत नाही. भट्टी नीट चालली नाही तर पुढच्या थंडीआधी मला घर सोडावेच लागेल, आणि ते मला नको आहे.

शिरीष आठवड्यासाठी म्हणून ट्रुगानिनाहून आला होता, तो कोविडमुळे कालपासून त्याच्या व्हिक्टोरिया राज्याची सीमा बंद झाल्याने इथेच अडकला. मोहनच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तो ऑफिसचे काम करतो आणि कोळशाच्या बादल्या वर-खाली नेतो. दिराची अशी सोबत होईल असे वाटले नव्हते. घरात बरे वाटते.

तुझा सल्ला आणि तुझा लोभ, दोन्ही एकाच पाकिटातून यावेत.

तुझी,
वासंती

•

वॉलॉंगॉंग, १६ जुलै २०२१

चि. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. एकदा भाऊ म्हणून आणि एकदा एकतीस वर्षे ज्वलनशास्त्र शिकवलेला मास्तर म्हणून. टाळेबंदीमुळे घरापासून दहा किलोमीटरच्या पलीकडे जाण्याची आम्हांला परवानगी नाही, अन्यथा मी आजच हत्यारांची पेटी घेऊन निघालो असतो.

प्रथम तत्त्व समजून घे, मग सारे सोपे होईल. भट्टी धूर ढकलत नाही; धुराडे तो ओढून घेते. धुराड्यातील तप्त वायू हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या मागोमाग खालून नवी हवा शिरते. यालाच आम्ही ओढ म्हणतो. ही ओढ किती सुंदर गोष्ट आहे पाहा: यंत्र नाही, वीज नाही, केवळ उष्ण आणि थंड यांच्या वजनातला फरक! तो फरक कमी पडला, किंवा वाट तुंबली, की धूर खोलीत परततो.

आता क्रमाने जा. भट्टी पूर्ण थंड असताना धुराड्याच्या तळाचे छोटे दार उघड आणि काजळी काढ. दोन वर्षे बंद राहिलेल्या धुराड्यात पक्ष्यांची घरटीही सापडतात. पत्र्याच्या नळीचे सांधे हाताने चाचपून पाहा. जाळीखालची राख रोज काढ, कारण राखेने भरलेल्या तबकातून हवा वर येत नाही. नळीतली झडप पेटवताना संपूर्ण उघडी हवी. कोळसा घालण्याआधी धुराड्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा एक बोळा जाळ. थंड धुराडे जागे व्हायला त्याची मदत होते.

मग देवघरातली उदबत्ती घे आणि भट्टीच्या दाराच्या फटीशी धर. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ चांगली. तुझ्या तोंडावर आला तर वाईट. दिवसातून सहा वेळा हे कर आणि वेळ लिहून ठेव. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आजच मागव. त्या वायूला वास नसतो, हे क्षणभरही विसरू नकोस.

शिरीषच्या सोबतीविषयी वाचले. संगणकातल्या चुका शोधणे आणि भट्टीतल्या शोधणे यांत पुष्कळ अंतर आहे, एवढेच नमूद करतो. आणि मोहनच्या टेबलावर बसायला मला कधी कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

माझे आशीर्वाद नेहमीप्रमाणे न मागता मिळतील.

तुझा,
दादा

•

लिथगो, २१ जुलै २०२१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी तळघरात भिंतीला चिकटवले आहे. काजळी काढली, घरटे नव्हते, पण बादलीभर काळे निघाले. सांधे शिरीषने उष्णतारोधक लांबीने भरले. राख रोज निघते. अलार्म ऑनलाइन मागवला. टाळेबंदीमुळे तीन आठवडे लागतील असे कळवले आहे, आणि इथल्या दुकानातले संपले आहेत.

आता उदबत्तीची गंमत ऐक. सकाळी सहाला धूर शहाण्या मुलासारखा आत जातो. साडेअकराला आणि संध्याकाळी सातला थेट माझ्या नाकात येतो. दोन दिवस हेच. शिरीषने वह्या-तक्ते न करता एवढेच विचारले की त्या वेळी मी वर काय करत असते. मी स्वयंपाक करते. मिरचीची फोडणी दिली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून एक्झॉस्ट फॅन शेवटच्या वेगावर ठेवते. थंडी शिरू नये म्हणून मी सगळ्या खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावल्या आहेत आणि दारांखाली जुन्या नऊवारीच्या गुंडाळ्या ठेवल्या आहेत. शिरीषचे म्हणणे असे की फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, नवी हवा यायला वाट नाही, म्हणून तो ती धुराड्यातूनच खाली खेचतो. त्याने स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडली आणि उदबत्ती सुधारली! त्या आनंदात मी त्याला अळूवड्या करून घातल्या. पाने उन्हाळ्यात काढून फ्रीझरमध्ये ठेवलेली, मोहनने परसात लावलेल्या अळूची.

खिडकी उघडी ठेवायची ना? तू हो म्हटलेस की माझी खात्री होईल.

तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट पाहणारी,
वासंती

•

वॉलॉंगॉंग, २४ जुलै २०२१

चि. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उणे चार तापमानात खिडकी उघडून घर गरम करण्याची कल्पना मौलिक आहे. शिरीषरावांना माझे अभिनंदन कळव. भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्याचाही एखादा प्रयोग त्यांनी करावा.

वासंती, शास्त्र असे चालत नाही. एकदा उदबत्ती सुधारली म्हणजे सिद्धान्त सिद्ध झाला नाही. त्या क्षणी वारा फिरला असेल, कोळसा नुकताच फुलला असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा पहिला नियम. मी सांगितलेल्या क्रमातील झडपेची पायरी तू नीट केलेली दिसत नाही. तिच्याविषयी तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. खिडकी बंद कर, झडप पूर्ण उघडी आहे याची खात्री कर आणि आणखी दहा दिवस नोंदी ठेव. मग मी निष्कर्ष काढीन.

अळूवड्यांविषयी वाचून आनंद झाला. मी शेवटच्या खाल्ल्या त्या २०१७ साली, आणि त्याही विकतच्या.

प्रत्येक घरात एकच वैद्य असावा, हे ध्यानात ठेवून लोभ वाढवावास.

तुझा,
दादा

•

लिथगो, ५ ऑगस्ट २०२१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मी बरी आहे, शिरीषही बरा आहे. आता बाकीचे.

तुझे पत्र २८ तारखेला आले आणि मी त्याच दिवशी खिडकी बंद केली. शिरीष नको म्हणाला. मी त्याला सुनावले की दादा या विषयातला प्राध्यापक आहे आणि तू नाहीस. तो बादली उचलून तळघरात गेला. त्याला घर माझे आहे याची जाणीव फार आहे.

शुक्रवारी दोघांचेही डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली, अंगात त्राण उरले नाही. सध्या अशा लक्षणांचा एकच अर्थ मनात येतो. गाडीत बसूनच चाचणी दिली, आणि निकाल येईपर्यंत घरातच राहा असे सांगितल्यामुळे दारे लावून बसलो. मी आले-मिरी घालून काढे उकळत राहिले, फॅन चालू ठेवून. थंडी वाजते म्हणून शिरीष कोळसा वाढवत होता. रविवारी सकाळी निकाल आला. दोघांनाही कोविड नव्हता. तरी डोके फुटत होते.

दुपारी शिरीष कोळसा आणायला परसात गेला आणि तिथे दहा मिनिटांत त्याचे डोके हलके झाले. आत आला, पुन्हा जड झाले. तेवढ्यावरून त्याने भट्टीचा वायू ओळखला. मी सोफ्यावर होते आणि हाक मारली तरी उठत नव्हते, असे तो सांगतो. मला आठवत नाही. त्याने मला उचलून बाहेर पायऱ्यांवर आणले, ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि मगच ओला टॉवेल तोंडाला बांधून खिडक्या उघडल्या. हॉस्पिटलमध्ये पाच तास ऑक्सिजन दिला. भट्टी विझवली आहे.

डॉक्टरांनी भट्टी, फॅन आणि खिडक्यांविषयी विचारले, आणि मी तुझ्या भाषेत सगळे समजावून सांगितले. सांगता सांगता मलाच कळले की तुझ्या पहिल्या पत्रात ते सगळे होते. खालून नवी हवा शिरते, असे तूच लिहिले होतेस.

म्हणून एकच विचारते. मला बरे वाटावे म्हणून नको, खरे सांग. खिडकी उघडणे चूक आहे, असे तुला खरोखर वाटले होते का?

उत्तर आले तरच पुढचे पत्र.

वासंती

•

वॉलॉंगॉंग, ९ ऑगस्ट २०२१

श्री. शिरीष यांस,
स. न. वि. वि.

आजवर मी आपल्याला एकही पत्र लिहिलेले नाही. हे वासंतीसमोर वाचावे, अशी विनंती आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे, पण ते आधी आपल्याला मिळायला हवे.

नाही, मला तसे वाटले नव्हते. आपले निदान वाचताक्षणी ते अचूक असल्याचे मला समजले. हवेला आत यायला वाट नसेल तर धुराड्याला ओढ नसते, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. वासंतीने त्या पत्रात फॅनचा उल्लेख केला, पट्ट्यांचा केला, वेळा दिल्या. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानेही उत्तर दिले असते. मलाही ते आले असते. पण ते आपण आधी सांगितलेत, आणि तिने आपल्याला अळूवड्या केल्या. मी झडपेचे निमित्त शोधले. अलार्म अजून आलेला नाही हे वाचूनही मी खिडकी बंद करायला लावली. अज्ञानातून झालेल्या चुकीला क्षमा मागता येते. याला काय म्हणावे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मत्सर मी बायकांचा, शेजाऱ्यांचा, फार तर सहकाऱ्यांचा मानत आलो. सदुसष्टाव्या वर्षी तो एका उदबत्तीवरून माझ्यात निघाला. तिने माझ्याकडे यावे असे मला वाटत होते आणि ती आपल्यासोबत सुखात राहिली, एवढेच त्याचे कारण.

भट्टी पुन्हा पेटवायची की नाही, हे आपण दोघांनी ठरवावे. पेटवणार असाल तर परवाना असलेल्या माणसाकडून आधी धुराडे तपासून घ्या आणि भट्टीला बाहेरची हवा पुरवणारी नळी बसवून घ्या, आणि अलार्म भिंतीवर लागेपर्यंत काडीही ओढू नका. न पेटवल्यास घर थंड राहील, पण ते घर वासंतीचे आहे, आणि तिथून तिला हलवण्यासाठी मी यापुढे एक शब्दही लिहिणार नाही.

माझी एकच मागणी आहे, आणि ती करण्याचा अधिकार मला नाही हे जाणून करतो. पायऱ्यांवर आणल्यावर तिचा रंग कसा होता? डोळे किती वेळाने उघडले? आपल्याला पाहून तिने काय म्हटले, पाणी मागितले का, मला बोलवा असे म्हणाली का? वासंतीला आठवत नाही. कृपया सगळे क्रमाने, वेळेसकट लिहा. तेथे आपण होतात, मी नव्हतो.

आपल्या लोभास सध्या अपात्र,
चंद्रहास