मोठ्यानं वाचायचं नाही

६ सप्टेंबर १९९३, इंदापूर

बारामतीहून सकाळची एसटी मिळाली आणि उन्हं चढायच्या आत इथं उतरलेसुद्धा. पणदऱ्याहून निघताना आईनं हातावर दही ठेवलं आणि वर बजावलं, की पुस्तकांच्या नादात जेवण विसरू नकोस. करुणा ओव्हाळ, ग्रंथपाल. कागदावर लिहून बघितलं. चांगलं दिसतंय.

वाचनालय बाजारपेठेमागं, कापसाच्या जुन्या वखारीत आहे. पुढच्या ओट्यावर वर्तमानपत्रं, आत देवघेवीचं टेबल आणि त्याच्यामागं लांबलचक दालन. कपाटं सागवानी, पण कुलपं गंजलेली. शेतीची पुस्तकं, कादंबऱ्या, अभंगांच्या गाथा, दिवाळी अंकांचे दोरीनं आवळलेले गठ्ठे. सगळं झटकून लावायला महिना तरी जाईल. मला हेच हवं होतं.

शिपाई भानुदासआबांनी चहा आणला आणि मी खुर्चीत बसते का, ते बघत उभे राहिले. ती खुर्ची आधीच्या ग्रंथपालांची, रामहरी गुरुजींची. ते वारल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही म्हणे. मी बसले. पाठीला छान आधार देते.

१० सप्टेंबर

वाचनालयाचे चिटणीस मानसिंगराव भेटून गेले. ऊसवाले बागायतदार, बोलायला मोकळे. मी त्यांना सांगितलं, की गावात साक्षरतेचे वर्ग चालू आहेत, पण ज्या बायकांना अजून वाचता येत नाही त्यांनी तोवर जगाची खबर कुणाकडून घ्यायची? रोज दुपारी आतल्या दालनात मी पेपर वाचून दाखवीन आणि थोडी अक्षरंही शिकवीन. त्यांना कल्पना आवडली. फळा, खडू, सतरंजी, सगळं देतो म्हणाले. उठताना मात्र एवढंच म्हणाले, की ओट्यावर झाडाची सावली आहे, वाचन तिथंच केलं तर बरं. मी विचारलं, का? त्यांनी घड्याळ बघितलं आणि निघाले.

१४ सप्टेंबर

आज पहिलं वाचन! मंडईतल्या भाजीवाल्या, धुण्याभांड्याला जाणाऱ्या, दोघीतिघी म्हाताऱ्या, दालन निम्मं भरलं. मालनबाई सगळ्यात पुढं. त्या मेथी-कोथिंबीर विकतात आणि दर बातमीवर निवाडा देतात. दूध संघाची बातमी त्यांना पटली नाही, मंत्र्याचं भाषण तर मुळीच नाही.

एक गोष्ट विचित्र घडली. मागं बसलेल्या कुशाबाई म्हणाल्या, ऐकूच येत नाही. माझा आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातो, घरात सगळे मला भोंगा म्हणतात. मी आणखी मोठ्यानं वाचलं. तरी शब्द तोंडातून निघून लगेच खाली पडत होते, ओल्या पोत्यावर दगड पडावा तसे. मध्येच कुशाबाईंचा पितळी तांब्या फरशीवर पडला. पडताना मी पाहिला. आवाज आला नाही.

वखारीच्या भिंती जाड असतात. असेल तसं काही.

१७ सप्टेंबर

आज वाचताना मागून कुणीतरी माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

मागं फक्त कपाट होतं. बोट कोरडं, थंड, तपकिरीच्या वासाचं. गप्प बसवताना ठेवतात तसं, हलकेच. मी दचकून थांबले तेव्हा मालनबाईंनी विचारलं, पाणी पाहिजे का. मी पाणी प्यायले आणि बातमी संपवली.

संध्याकाळी भानुदासआबांना गाठलं. ते बराच वेळ झाडूची दोरी आवळत बसले. मग सांगितलं. रामहरी गुरुजींना आवाज चालायचा नाही. नव्यानं वाचायला शिकलेला माणूस ओठ हलवत वाचतो, तेवढंही नाही. ते अनवाणी मागून यायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. तरी ओठ हलले की तळहात दाबायचे, माणूस तडफडेपर्यंत. हमाल, बाया, वस्तीवरची माणसं यायची बंद झाली. आबाही वाचायचे आधी, त्यांनी सोडून दिलं. गुरुजी मेले तेही याच दालनात, भर दुपारी. शेजारच्या टेबलावरच्यांनासुद्धा संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

"त्ये गेलं न्हाईत, बाई. हितंच हाईत," आबा म्हणाले. "भाईर वाचा की. ओट्यावर कुणी आडवं येत न्हाय."

मी म्हटलं, "आबा, माझा आजा शाळेच्या बाहेर पायरीवर बसून शिकला. आत बसायचा हक्क मिळवायला आमची एक अख्खी पिढी गेली. मी माणसांना परत बाहेर बसवू?"

ते झाडू कोपऱ्यात ठेवायला उठले. नंतर म्हणाले, माझ्याआधी एकीनं असाच हट्ट केला होता.

२० सप्टेंबर

सुट्टी होती म्हणून बारामतीवरून लोणी भापकरला गेले. आबा म्हणाले ती हट्टी बाई म्हणजे तिथली ज्योत्स्नाताई. साक्षरता वर्गाची शिक्षिका, गेल्या वर्षी तिनं याच दालनात वर्ग घेतला होता. चार दिवसांत वाचा बसली. दारात शेंगा फोडत बसली होती. तिची आई म्हणाली, पुण्याच्या डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नाही.

मी वाचनालयाचं नाव काढलं. तिनं सूप खाली ठेवलं, जवळ आली आणि आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. दाबला. मग आणखी दाबला, नाकासकट. आई ओरडली तेव्हा सोडलं. तिचे डोळे वाहत होते. तिच्यासोबत काय झालं ते ती मला सांगत होती, एवढंच.

येताना एसटीत मी खूप घाबरले होते. लिहून ठेवते, लाजायचं कशाला. पण राशीनचा एक म्हातारा शेजारी मोठमोठ्यानं, अक्षर अक्षर लावत, तिकिटावरचा मजकूर वाचत होता आणि सगळ्या गाडीला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याच्याकडं बघताना भीतीचा राग झाला.

२४ सप्टेंबर

वाचन चालू आहे. आज पूर्ण तळहात. मी मान झटकून वाचलं. गालावर चार बोटांचे वळ उमटलेत. मालनबाईंनी ते पाहिले. त्यांना सगळं सांगून टाकलं, बायकांनाही. म्हटलं, ज्यांना भीती वाटते त्यांनी येऊ नका. मालनबाई फणकारल्या. "नवऱ्यानं गप बस म्हनावं, सासूनं म्हनावं, आता ह्ये मेलेलं बी म्हनतंय व्हय? शिकवा तुमी."

उद्यापासून फळ्यावर अक्षरं जास्त, पेपर थोडा. माझा आवाज बसत चाललाय.

३० सप्टेंबर

पहाटे मांडणीतली भांडी थरथरली. आठ वाजता रेडिओनं सांगितलं. भूकंप. लातूर-उस्मानाबादकडं. किल्लारी. गावंच्या गावं.

मालनबाईंची लेक तिकडं दिलेली आहे, चिंचसांगवीला. फोन लागत नाही. मुलगा निघालाय, पण गाड्या पुढं सोडत नाहीत. त्या दिवसभर वाचनालयात बसून होत्या. मंडईत गेल्याच नाहीत.

१ ऑक्टोबर

पेपर आला. गावांची नावं वाचायला उभी राहिले. पहिल्याच नावावर हात आला. या वेळी दोन्ही हात. मी ढकलत, अडखळत वाचत राहिले. मालनबाई माझ्या ओठांकडं बघत होत्या. चिंचसांगवी कुठंच नव्हतं, ना पडलेल्या गावांत ना वाचलेल्या. पण शेवटचं नाव मी बोललेच नाही, नुसते ओठ हलले. आबांनी पेपर घेतला आणि तोंड उघडलं, आणि —

आबांचाही आवाज गेला.

२ ऑक्टोबर

घशातून वाराही निघत नाही. घरी, रस्त्यावर, कुठंच नाही. मानसिंगरावांनी निरोप धाडला — दालनाला कुलूप घाला, पणदऱ्याला जा, तब्येत बघा. किल्ली मागितली. मी मान हलवली. नाही.

मला भीती वाटते. झोप नाही. घास घेतला तरी तपकिरीचा वास —

पण हा मेलेला माणूस एका आईला लेकीची खबर कळू देत नाही. का, तर दालनात शांतता हवी. नाही म्हणजे नाही.

३ ऑक्टोबर

चिंचसांगवीचं नाव आजही नाही. बायका आतच येऊन बसल्या; ओट्यावर जायला कुणी तयार नाही. मी फळ्यावर लिहिते, त्या वाचायला बघतात. ओठ हलले की एकेकीचं डोकं मागं ओढल्यासारखं होतं. कुशाबाई पडल्या. उठल्या. पुन्हा बसल्या, पुढच्या रांगेत.

४ ऑक्टोबर, दुपार, दालनातच

दुपारच्या गाडीनं पेपर आला. आतल्या पानावर आहे. नाव आहे! मालनबाईंना हातानं खुणावलं, आहे म्हणून. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं —

चिंचसांगवीची माणसे वाचली.

मग हात आले. आता नाकावरही. मी खुर्चीत बसलेय, सोडणार नाही. लिहितेय, कारण लिहायला तोंड लागत नाही.

बायका उभ्या राहिल्या. कुशाबाईंनी 'चिं' म्हटलं आणि त्यानं त्यांचा गळा आवळला. लगेच दुसरीनं 'च'. तिचं तोंड दाबलं. तिसरीनं पुढचं उचललं. माझ्या नाकावरचा हात सुटला — श्वास — परत आला — परत सुटला. तो धावतोय. अनवाणी पावलं ऐकू येतायत, पहिल्यांदाच. दोनच हात आहेत त्याला. तोंडं दालनभर.

आवाज येतोय! भिंतींना लागून परत येतोय. कपाटांच्या काचा —

मालनबाई फळ्यापाशी गेल्यात. बोट अक्षरावर. रडतायत. वा — च — ली. वाचली. पुन्हा म्हणतायत. सगळ्या म्हणतायत.

तो सगळ्यांना सोडून माझ्याकडं वळला. समोर उभा — याला तर चेहराच नाही —

येऊ दे. घशात आवाज हलतोय. तोंड उघडतेय. मीही वाच