बाबांची केरेन्सिया

रोंदा, ९ नोव्हेंबर १९७८

प्रिय लेआंद्रोदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तिकडे बिल्बावला पाऊस असेलच. इथे थंडी पडली, ऑलिव्हची झोडणी सुरू झाली. शेजारच्या कासिल्दाने डुक्कर कापलं, तुमच्या वाटणीची सॉसेज तिने वाळत टांगली आहेत.

वृद्धाश्रमाची माणसं दोनदा हात हलवत का परतली, असं तू विचारलंस. अरे, आई गेल्यापासून बाबांनी अंगणातली विहिरीकडची भिंत धरली आहे. पाठ भिंतीला, काठी हातात. जेवण तिथेच, डुलकीही तिथेच. कोणी धरायला गेलं की काठी फिरते. एकाचं मनगट सुजलं.

बाबांच्या बरोबरीने बैलझुंजीच्या रिंगणात उतरायचे ते अन्सेल्मोकाका हे ऐकून हसलेच. म्हणाले, "अगं, ही त्याची केरेन्सिया. बैल रिंगणातली एक जागा आपली मानतो नि तिथेच पाय रोवतो. तिथे त्याच्या अंगावर जाणारा मूर्ख. त्याला गोडीगुलाबीने मोकळ्यात आणायचं, मग तलवारवाल्याला वार करता येतो. तुझ्या बापाने जन्मभर दुसरं केलं काय?"

हा शब्द आपण येताजाता वापरतो. मांजराची चूल, काकांचा कॅफेतला कोपरा, सगळ्यांना केरेन्सियाच म्हणतो. मला तो किती लाडका वाटायचा.

दादा, आता लिहून टाकते, नाहीतर राहूनच जाईल. आज सकाळी बाबांना नेलं. मीच बाहेर काढलं. त्यांचं रिंगणातलं जुनं गुलाबी कापड ट्रंकेतून घेतलं, जमिनीलगत धरलं. एक पाऊल मागे, मग थांबायचं, काकांनी दाखवलं तसं. बाबा उठले. काठी भिंतीशीच राहिली. अंगण, दरवाजा, गल्ली. गल्लीत उभ्या आश्रमाच्या गाडीपर्यंत कापड मी तसंच खाली धरलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी माझा हात थोपटला. नजर अगदी भानावरची होती. म्हणाले, "छान काढलंस पोरी. घाई केली नाहीस. आता बाजूला हो. पुढचं काम तलवारवाल्याचं."

आश्रम तू ठरवलास, तुझंही चूक नाही. मला कामावर जावं लागतं, दिवसभर त्यांच्यापाशी कोण बसणार? मला खूप रडू आलं, पण मी बाजूला झाले. गाडीचं दार त्यांनीच ओढून घेतलं.

अजून गल्लीतच उभी असल्यासारखी,
तुझी नियेवेस