आपला चोर

११ जानेवारी, रविवार

पणजोबा चोर निघाले! साधेसुधे नाही — नामांकित!

पुढच्या महिन्यात एक तारखेला आमच्या घराण्याचं कुलसंमेलन. अध्यक्ष केशवकाका — बाबांचे थोरले चुलतभाऊ. हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण आम्ही सगळे त्यांच्यासाठी अजून चौथीतच. कुलवृत्तांताचं पुस्तक काढायचं आणि पणजोबांचं पान माझ्या गळ्यात. "खुशालरावांना १९३० साली मूर्तिजापूरच्या केसमध्ये दोन वर्षं सजा झाली. १९३० म्हणजे जंगल सत्याग्रह! करिश्मा, तू फक्त पुरावा आण." पणजोबांच्या मळ्यातली फुलं दुकानात विकणाऱ्या बाईनं आता पुरावे आणायचे!

गेले आज मूर्तिजापूरला. स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं एका पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात पाठवलं, त्या घरात जुनं माणूस आहे म्हणून. दुकानदार रऊफभाई, पन्नाशीचे. म्हटलं, अमरावतीचे खुशालराव माळी, मी त्यांची पणती. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आत हाक मारली — "अम्मी! अपने चोर की परपोती आई है!"

अपने चोर! त्यांची आई आयशाबी बाहेर आल्या, ऐंशीच्या पुढच्या. वाटलं, आता चप्पल येते. तर त्यांनी माझा गाल कुरवाळला. "कित्ती वर्सांनं आलं व तुमच्या घरचं कोणी!"

चहा झाला, खारी झाली, वरून उकडलेली अंडी. तोवर सगळं कळलं. पणजोबांनी मागची भिंत फोडून आयशाबींच्या आजोबांचं डबाभर सोनं लांबवलं. पोलिसांनी बडनेरा स्टेशनावर धरलं. सोनं काही सापडलं नाही. निघताना रऊफभाई म्हणतात, "संमेलनाले आमाले बी बोलवा बरं. शंभर वर्साचं नातं हाय!"

१३ जानेवारी

केशवकाकांना सांगितलं. जराही हलले नाहीत. "चोरीचं कलम इंग्रजांनी मुद्दाम लावलं!"

"काका, भिंत फोडली होती."

"जुन्या भिंती. पडली असंन."

माणसानं एवढं शिकू नये. स्टेजसाठी पणजोबांचा फोटोही तयार आहे. खरा फोटो कधी कोणी काढलाच नाही, म्हणून मोबाइलवर बनवून घेतला. डोक्यावर खादीची टोपी, मागं तिरंगा, आणि मिशी थेट केशवकाकांची!

१४ जानेवारी

संक्रांत. बाबा सोडून सगळे गोड बोलले.

१८ जानेवारी

अकोल्याला सुभद्राआत्याकडे. तशी ती बाबांची आत्या, पण सगळं खानदान तिला आत्याच म्हणतं. पणजोबांचं शेंडेफळ. सत्त्याऐंशी वर्षांची, एकटी राहते, कानानं तिखट, जिभेनं त्याहून. म्हटलं, पोटच्या लेकीला नाही तर कोणाला माहीत असणार?

"आत्या, तुझे वडील चोर होते का?"

"हाव. मंग?"

घ्या! गवार निसत बसली होती, मानसुद्धा वर केली नाही. मी सोन्याचं विचारलं, तेव्हा मात्र फिस्सकन हसली. "कायचं सोनं व! भुरटा होता माहा बाप. भित फोडून आत गेला, काई भेटलं नाई. चुलीवर गंजात भरल्या वांग्याची भाजी होती, थे खाल्ली न् तिथंच निजला. सकाळी लाथ मारून उठवला त्याले."

मी हसून हसून गवारीवर लोळले. आत्याही डोळे पुसत होती. निघताना हात धरला — "लिहिजो बरं पोरी पुस्तकात. सोनं नव्हतं म्हणून लिहिजो."

लिहिणार! असा पणजोबा कोणाला आहे? हजार सत्याग्रही एकीकडे आणि वांगी खाऊन झोपलेला आमचा माणूस एकीकडे.

२५ जानेवारी

मूर्तिजापूर. संमेलनाचं आमंत्रण द्यायला आणि वांग्याची गोष्ट सांगायला. आमंत्रण दिलं. वांगी घशातच राहिली.

डब्याची तोवर पाणी भरायची गुंडी झाली होती. "गुंडीभर सोनं होतं," आयशाबी म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी रऊफभाईंना बाजाराला पिटाळलं आणि जवळ सरकल्या.

त्यांच्या निकाहात अंगावर सोन्याचा कणही नव्हता. सासरची माणसं कुजबुजायला लागली. अब्बा भर मांडवात उभे राहिले — "सोनं होतं. चोरीले गेलं." सगळा मांडव हसला. मग साठ वर्षं तेच. भाजी खारट झाली की नवरा म्हणायचा, तुझ्या बापाच्या सोन्यासारखीच आहे! नणंदा तर अजून म्हणतात.

"माहे अब्बा झूट नव्हते बोलत, बेटा. पण आपल्या माणसाचं कोन मानते? चोराच्या घरच्यानं म्हटलं का सोनं होतं, तर मानाच लागन. तुमी लिहा. माहे डोळे मिटाच्या आत लिहा."

म्हटलं, लिहिते. बसमध्ये डोळ्याला पदर लावून बसले. गरीब बिचारे अब्बा! नसलेल्या सोन्यानं लेकीची अब्रू झाकायला निघाले आणि हसं करून घेतलं.

२८ जानेवारी

ठरत नाही.

खरं लिहावं, तर आयशाबींचे अब्बा खोटारडे ठरतात. खोटं लिहावं, तर आमचा भुरटा एकदम दरोडेखोर होतो. बाबांना विचारलं, तर त्यांनी फुलांची परडीच आपटली. "चोराच्या मळ्यातली फुलं देवाले कोन वाहीन व? कावून नाव खराब करून राहिली?"

पण मेलेल्या चोराला आणखी काय बट्टा लागणार? आयशाबी जिवंत आहेत. सोनं लिहिते. गुंडीभर!

१ फेब्रुवारी

झालं बाई एकदाचं!

पुस्तक अर्थातच छापून आलं नाही. मग ज्यानं त्यानं आपापलं पान माइकवर वाचायचं ठरलं. केशवकाकांना वाटलं, मी सत्याग्रहच वाचणार. त्यांनी "क्रांतिवीर खुशालराव" म्हणून टाळ्याही घेतल्या. पहिल्या ओळीत आयशाबी, हिरवी साडी, आणि दोन्ही बाजूला दोन म्हाताऱ्या नणंदा. मुद्दाम आणलेल्या!

वाचलं. "आमच्या पणजोबांनी आयशाबींच्या घरातून गुंडीभर सोनं चोरलं. ते सोनं होतं, हे आम्ही चोराचे वंशज सगळ्यांसमोर कबूल करतो. आयशाबींच्या वडिलांचा शब्द खरा होता."

आयशाबी काठी टेकत उठल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. आधी डावीकडच्या नणंदेकडे वळल्या, मग उजवीकडच्या. "सुना जी? होतं सोनं." आणि खाली बसून ढसाढसा रडल्या. मी माइकवरच रडले. रऊफभाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं बाकीच्यांना सुचलं.

खोटं बोलून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आत्याचे गुडघे धरले म्हणून ती आली नाही, ते बरंच झालं.

एकच गोष्ट जरा वेगळी. जेवणाच्या पंगतीत मला वाटलं होतं, सगळे तोंड फिरवतील. उलट जो तो विचारतोय, "मंग थे सोनं गेलं कुठी?"

२ फेब्रुवारी

केशवकाकांचा फोन. सत्याग्रहाचं नावच नाही! "हे बघ, खुशालराव कसे का असेनात, त्यांच्या पश्चात सगळ्या नातवंडांचा समान वाटा असतो. मळा शेखरकडे, तुझ्या बाबांकडे आला, हे आम्ही कधी काढलं नाही. पण मळ्यात काही असंन, तर —"

"काका, काही नाही हो मळ्यात."

"तू कावून एवढ्या घाईनं नाही म्हणून राहिली?"

३ फेब्रुवारी

घराण्यातल्या धाकट्या पातीचं म्हणणं, सोनं थोरल्या पातीनं दाबलं. थोरल्याचं म्हणणं, तरीच धाकट्यांनी दोन मजले चढवले! बायका एकमेकींच्या जुन्या पाटल्या निरखून राहिल्या. ग्रुपवर सुप्रभात बंद झालं. हे सगळं माझ्या एका गुंडीनं! खरं सांगावं, तर आयशाबी पुन्हा त्या नणंदांच्या तावडीत. नाही. मेले तरी सांगणार नाही.

बाबांनी आज विचारलं, "विहिरीजवळची माती जुनीच हाय न?"

५ फेब्रुवारी

सकाळी बघते तर बाबा मळ्यात कुदळ घेऊन! विहिरीजवळचा झेंडूचा अख्खा वाफा उलथा. देवाला वाहायची फुलं मातीत, आणि हा माणूस कमरेइतक्या खड्ड्यात. ऐकायलाच तयार नाही. शेवटी आत्याला फोन लावला. म्हटलं, आत्या, तुझं ऐकतील, तू सांग त्यांना सोनं नव्हतं म्हणून. बाहेर कोणी बोलायचं नाही, पण घरात तरी कळू दे.

पलीकडं आत्यानं टीव्ही बंद केला.

"शेखरले म्हण, उगा कंबर मोडून घेऊ नको. तिथं नाई ते."